केदारनाथ डॉक्टर आन वगळीचं पाणी

केदारनाथ डॉक्टर तसे डॉक्टर न्हवते. जनावराच्या दवाखान्यात सरकारनं त्यांना व्रणोपचारक म्हणून भरल्यालं. पट्टी बांधायची, सुई टोचायची, पोटफुगीचं औषध पाजायचं, रजिस्टर लिहायचं. खरे डॉक्टर तालुक्याहून आठवड्याला एकदा यायचे, त्यांची बी बदली झाली आन जागा रिकामीच ऱ्हायली. मग आमी ह्यांनाच डॉक्टर म्हणायला लागलो. मी जानकी, गिरणीवाली. दवाखाना आन माझी गिरणी समोरासमोर, मधी फकस्त रस्ता. म्हणून जे सांगते ते डोळ्यानं बघितल्यालं सांगते, ऐकीव न्हाई.

गिरणी माझी म्हणते खरं, पण लायसन मालकांच्या नावावर व्हतं. मालक म्हंजे बिभीषण, माझा नवरा. बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं म्हणतेत. घेते आता. ते जाऊन चार वर्सं झाली, आन ही गोष्ट त्यांचं नाव घेतल्याबिगर सांगताच येत न्हाई.

आमचं जुनं गाव माजलगावच्या धरणात गेलं. नवं गाव वर माळावर बसवलं, दोन आळ्यांचं. वरच्या आळीला हातपंप आन जनावरासाठी हौद मिळाला. आमच्या खालच्या आळीला काय न्हाई, पण धरणाचा फुगवटा हाकेवर व्हता. फुगवट्याचं पाणी एका वगळीत शिरल्यालं, दोन्हीकडं उंच दरड आन मधी पाण्याची जीभ. आमची जनावरं तिथंच पाण्यावर जायची. माणसं बी तिथंच धुणं धुवायची. धा वर्सं कोणाला साधी शिंक आली न्हाई.

केदारनाथ परळीकडचे, लिंगायत वाण्याच्या घरचे. बापाचं किराणा दुकान. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आवाज इतका हळू की बैलाशी बोलतेत का स्वताशी ते कळायचं न्हाई. बायको रुद्राणी, लई नीटनेटकी. दोघं दवाखान्याच्या मागच्या खोलीत ऱ्हायचे. पोरबाळ न्हवतं. गावात जातीचं दुसरं घर न्हवतं, त्यामुळं येणंजाणं कमीच. रुद्राणी जवारी दळायला आली की माझ्यापाशी घटकाभर बसायची, तेवढीच तिची बैठक.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात पावसाआधीची घटसर्पाची लस आली. गावाला पुरंल येवढी न्हवती, निम्मीच आलती. केदारनाथनी खालच्या आळीपासून सुरुवात केली, कावून तर ती दवाखान्याला लागून. आमच्या मालकांनी आमचे दोन्ही बैल, मोऱ्या आन बाशिंग्या, स्वता शिंगाला धरून उभे केले. वर चहा बी पाजला डॉक्टरला. वरच्या आळीला लस पुढच्या खेपेला, असं ठरलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जनावरं पाण्यावरून आली आन पडायला लागली. पाय थरथरायचे, तोंडाला फेस, मान टाकायचे. दिवस मावळायच्या आत सात जनावरं गेली. दोन म्हशी, एक कालवड, चार बैल. चारातले दोन आमचे. मोऱ्या तर गिरणीच्या दारातच पडला. त्याचं डोकं मांडीवर घेऊन मी बसले व्हते, आन तो माझ्याकडं बघत बघत गेला. मी आई मेली तवा जेवढी रडले न्हवते तेवढी त्या दिवशी रडले. लाज वाटत न्हाई मला सांगायला.

वरच्या आळीत एका शेपटाला धक्का लागला न्हाई. मग काय, गणित सोपं व्हतं. मेलं ते सगळं टोचल्यालं, न टोचल्यालं एक बी मेलं न्हाई. गाव दवाखान्यापुढं जमलं. केदारनाथ म्हणले, "वगळीच्या काठाला एक कुत्रं बी मरून पडलंय. त्याला कुठं कोणी सुई टोचली?" तर मालक म्हणले, "मेलेल्या जनावराची लाळ चाटून मेलं आसंल. सुईचंच ईख ते." आन सगळ्यांदेखत त्यांनी केदारनाथच्या कानाखाली वाजवली. "दुसरं गणित शिकवू नको बे."

केदारनाथनी हात उचलला न्हाई. गाल धरून म्हणले, "बिभीषणराव, आणखी मारा. पण मला हा बैल फाडून बघू द्या. माझ्या हातानं मेला का न्हाई, येवढं मला कळलं पायजे."

लोकांना वाटलं, हा काय फाडतोय. वाण्याच्या घरचा माणूस, अंड्याचं नाव काढलं तरी पंगतीतून उठणारा. फाडायचं काम खरे डॉक्टर करायचे, ते तर न्हवतेच. केदारनाथ आत गेले, आंघोळ करून आले. गळ्यातलं लिंग अंगावरून काढायचं नसतं, तर त्यांनी ते पाठीकडं सारलं आन वरून धुतल्यालं उपरणं घट्ट गुंडाळलं. हात जोडले, बैलाला. मग सुरी लावली. मी गिरणीच्या दारातून बघत व्हते.

आत काळीज दिसलं, डॉक्टर लोक त्याला यकृत म्हणतेत. काळीज फुगून दुप्पट झाल्यालं, काळंनिळं, बोट लावलं की भिजलेल्या गुळावाणी विस्कटायचं. त्याचे तुकडे केले, प्रत्येक तुकडा कुठला ते कागदावर काढून ठिवलं. एक बाटली वगळीच्या पाण्याची भरली, वर हिरवी साय आल्याली. आन एक मांसाचा तुकडा मानेचा घेतला, जिथं सुई टोचल्याली.

मी विचारलं, "मानेचा कावून घेताय?"

"दोष माझा आसंल तर तिथं सापडंल, जानकीबाई. माझ्या सोयीचंच तेवढं न्यायचं आन दुसरं ठिवायचं, तसं कसं चालंल."

लसीचा जो बर्फाचा डबा, त्यातच ते सगळं घातलं आन सकाळच्या यष्टीनं पुण्याला निघाले, सरकारी प्रयोगशाळेत. डबा मांडीवर. नमुना गार ऱ्हायला पायजे म्हणून बीडच्या स्टँडवर रसवंतीवाल्याकडून बर्फ घेतला, नगरला घेतला, शिरूरला घेतला. नगरच्या रसवंतीवाल्यानं विचारलं, डब्यात काय हाय. ह्यांनी खरं सांगितलं. खोटं बोलायचं डोकंच न्हाई त्या माणसाला. त्यानं बर्फ दिला, पण रसाचा गिलास परत मागून घेतला. वाटंतलं हे तेवढं त्यांच्याच तोंडून ऐकल्यालं.

चौथ्या दिवशी परत आले तर खोलीला कुलूप. रुद्राणीचा बाप येऊन तिला परळीला घेऊन गेलता. बातमी कशी पोचली देव जाणे. निघताना ती माझ्याकडं आलती, अर्धं दळण तसंच सोडून. म्हणली, "त्या हातानं ते लिंगाची पूजा कशी करतील, जानकीबाई? आन त्या हाताला मी ताट कसं वाढू?" मी म्हणले, "अगं, त्यांच्यावर आळ आलाय, म्हणून केलं त्यांनी." ती म्हणली, "मला कळतंय. पण माझ्या बापाच्या घरी कोणाला सांगू?" तिची चावी मीच त्यांना दिली. त्यांनी ती हातात घेतली, "बरं" म्हणले, आन कुलूप काढून आत गेले.

त्यानंतरचे धा-अकरा महिने मी रोज बघितलं. दवाखाना उघडायचा, झाडायचा, खुर्ची व्हरांड्यात टाकायची आन बसायचं. कोणी यायचं न्हाई. जनावर आजारी पडलं तर लोक दोन कोसावरच्या गावाला न्यायचे, पण रस्ता ओलांडायचे न्हाईत. डॉक्टर म्हणायचं तर कधीच सुटलं, पोरं सुईवाला म्हणायची. दुपारी स्टोव्हवर पिठलं टाकायचे आन दारात बसून खायचे, तोंड रस्त्याकडं करून. कोणी बोलावं म्हणून तसं बसायचे, ते मला कळायचं. त्यांच्यासारखा एकटा माणूस मी आजपस्तोर बघितला न्हाई. मी तोंडाची फटकळ, गावात माझ्या तोंडाला कोणी लागत न्हाई. पण मालकांच्या बैलापायी त्यांनी मार खाल्ला आन मी बिभीषणाची बायको. कोणत्या तोंडानं बोलायचं?

चैत्रात पुण्याचं पाकीट आलं. पुण्यावाल्यांनी नमुना हैदराबादला धाडल्याला. तिथं एक यंत्र व्हतं, पदार्थातल्या बारीकात बारीक कणाचं वजन करणारं. प्रत्येक ईखाचं आपलं एक वजन असतं, म्हणून वजनावरून ईख वळखायचं, असं केदारनाथनी समजावलं. त्यांनी काढून दिल्याल्या काळजाच्या चित्रावर चौकोन पाडले व्हते, आन एकेका चौकोनात एकेक आकडा, त्या तुकड्यात किती ईख सापडलं त्याचा. सगळं काळीज आकड्यानं भरल्यालं. पाण्याच्या बाटलीपुढं बी तेच ईख. आन खाली, मानेच्या तुकड्यापुढं, लिहिल्यालं: काही आढळले नाही.

तो कागद घेऊन ते आमच्या गिरणीत आले. मी तवा त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. मालक पोत्यावर बसल्याले, चार-पाच गिऱ्हाइकं उभी. केदारनाथ म्हणले, "बिभीषणराव, लस न्हवती. पाणी व्हतं. ती हिरवी साय शेवाळाची एक जात हाय. पाणी आटलं, ऊन तापलं, उसाच्या फडातलं खत पाण्याला उतरलं की ती वाढती. वारं सुटलं की सगळी वगळीत येऊन गोळा व्हती. दोन-चार दिसांचाच खेळ, पण त्या दिसात जे पितं ते जगत न्हाई."

मालकांनी कागद उलटासुलटा केला. "कागद कोणाचा?"

"सरकारचा."

"आन सुई कोणाची?"

उत्तराची वाट न बघताच मालक म्हणले, "सुई बी सरकारची. मंग? चोराला चोराची ग्वाही." सगळे हसले. रामकिसन म्हणून मालकांचा दोस्त व्हता, तो म्हणला, "धा वर्सं त्या पाण्यात धुणं धुतोय बे आमी, जनावरं पितेत. आमी काय भुतं हाओत का?" परत हसले.

कागद जात्याच्या कठड्यावर पडला व्हता. मी सातवी शिकल्याली. मी वाचला. एकदा, मग परत एकदा. मला पटलं. काळजाचे चौकोन बघून मोऱ्याचं डोकं मांडीवर आल्यासारखं झालं. केदारनाथनी माझ्याकडं बघितलं, मी वाचतेय ते त्यांनी बघितलं व्हतं. मालकांनी बी बघितलं. मी कागदावरचं पीठ झटकलं आन त्यांना परत दिला, एक अक्षर न बोलता.

त्याच वैशाखात वगळीचं पाणी परत हिरवं पडलं. केदारनाथनी बाभळीच्या काट्या आणून वाट बंद केली. दोन दिवसात काट्या लोकांच्या चुलीत गेल्या. मग त्यांनी रजा टाकली, छत्री आन काठी घेतली आन काठावर जाऊन बसले. उजाडल्यापासून दिवस बुडेपस्तोर. जनावर आलं की हाकलायचं. लोक शिव्या द्यायचे, पोरं ढेकळं मारायची. वरच्या हौदावर न्यावं तर तिकडची माणसं भांडायची, त्यामुळं आळी जास्तच पेटली.

शेवटी मालकांनी पंचायत मांडली. नवी जोडी घेतली व्हती, पांढरी सफेद. सुईच्या भीतीनं तिला काही टोचू दिलं न्हवतं. मालक चारचौघात म्हणले, "चला, आज सोक्षमोक्ष. माझे बैल न टोचल्याले. त्याच पाण्यावर पाजतो. मेले तर केदारनाथ खरा, मी गावादेखत त्याचे पाय धरतो. न्हाई मेले तर सुईवाल्यानं गाव सोडायचं."

चाळीस-पन्नास माणसं वगळीवर जमली. मी बी गेले. पाणी म्हंजे हिरव्या रंगाचा डबा सांडावा तसं, आन वास सुटल्याला. मालकांनी बैलाचे कासरे सोडले. केदारनाथला बोलायचं काही कामच न्हवतं. त्यांनी फकस्त बाजूला व्हायचं व्हतं. बैल पिले असते, चार घंट्यात पडले असते, आन हा माणूस त्या दिवशीच सुटला असता. इज्जत परत, दवाखाना परत, कोणास ठाऊक रुद्राणी बी परत. त्यांना ते कळत न्हवतं असं न्हाई. त्यांच्या तोंडावर मला दिसत व्हतं, ते हिशोब करत व्हते. पांढऱ्या बैलाचं तोंड पाण्याला हातभर ऱ्हायलं तवा ते पाण्यात घुसले आन काठीनं बैलाच्या नाकाडावर मारलं. परत मारलं. बैल बिथरले, एकाचं शिंग त्यांच्या खांद्यात घुसलं, तरी ते मारत ऱ्हायले. दोन्ही बैल दरड चढून माळाला पळाले.

मग मालक म्हणले, "भेला. बघितलं ना सगळ्यांनी? बैल जगले असते म्हणून भेला." लोकांना ते पटलं. खरा असता तर पिऊ दिलं असतं, असं म्हणत सगळे गावाकडं निघाले. केदारनाथ गुडघाभर पाण्यात उभेच, खांद्यातून रगत येतंय, दुसऱ्याला पट्टी बांधणाऱ्याला पट्टी बांधायला कोणी न्हाई.

आन खरी गंमत सांगू का, त्या सांजच्याला मालकांनी ती जोडी गुपचूप वरच्या हौदावर नेली. मला म्हणले, "वगळीत आज चिखल लई झालाय." दुसऱ्या दिवशी रामकिसनची म्हैस बी हौदावर दिसली. हळूहळू सगळी खालची आळी वैशाखात वगळ चुकवायला लागली. कोणी कारण सांगायचं न्हाई, कोणी विचारायचं न्हाई. पुढं आळीनं भांडून स्वताचा हौद करून घेतला.

आठ दिवसांनी मालक बाजारला गेल्याले बघून मी रस्ता ओलांडला. पहिल्यांदा. ते व्हरांड्यात एका हातानं रजिस्टर लिहीत बसल्याले. काय लिहीत व्हते कोणास ठाऊक, जनावर तर एक येत न्हवतं. मी म्हणले, "कावून हाकलले बैल? आमचेच व्हते ना. मरू द्यायचे. तुमी सुटला असता."

ते म्हणले, "मग ते बी मलाच फाडावे लागले असते, जानकीबाई."

मला रडू आलं. मी तशीच परत आले.

त्या वगळीत पुन्हा एक जनावर मेलं न्हाई. आजपस्तोर न्हाई. आन गाव काय म्हणतं म्हाईत हाय का? म्हणतं, बघा, पाण्यात काही असतं तर नंतर बी मेली नसती का? सुईचंच व्हतं ते. आता तर जी पोरं तवा जन्मली बी न्हवती, ती बी असंच सांगतेत.

आणखी तीन उन्हाळे ते छत्री घेऊन वगळीवर बसले. तवर तिकडं कोणी जात न्हवतं, तरी बसायचे. मग आष्टीकडं बदलीचा कागद आला. गावानं निरोप-नारळ काही दिलं न्हाई. जायच्या आदल्या दिवशी ते जवारीचा डबा घेऊन गिरणीत आले. रुद्राणी गेल्यापासून दळण ते बाहेरगावाहून आणायचे, माझ्याकडं दळायला कधी आले न्हवते. बायांनी आपले डबे सरकवून घेतले. मी त्यांची जवारी वर ओतली, पट्टा चालू केला. मालक दारात बिडी वढत उभे.

केदारनाथ जवळ आले. यंत्राच्या आवाजात मला एकटीला ऐकू येईल असं म्हणले, "तुमी तो कागद वाचला व्हता."

मी मान हालवली.

"मला नोकरीचं काही न्हाई, रुद्राणी बी आता येत न्हाई. फकस्त येवढं सांगा. माझ्या हातानं न्हाई मेली, असं तुमाला तरी वाटतं ना?"

मी वर बघितलं. मालक आमच्याकडंच बघत व्हते. मी पट्टा घसरल्यासारखं केलं आन यंत्राखाली वाकले. लई वेळ वाकलेलीच ऱ्हायले. पट्टा जाग्यावरच व्हता, त्याच्यावर हात फिरवत बसले. उठले तवा जवारी दळून झाल्याली आन डबा उचलून ते गेलते.

पुढं आष्टीकडून कोणी आलं की मी त्यांचं विचारायची. मालक गेल्यावर एकदा पत्ता काढला, पत्र लिहायला. तवा कळलं, ते त्याआधीच वारल्याले. तिथं बी एकटेच ऱ्हायचे म्हणे. त्या दिवशी 'न्हाई मेली' येवढे दोनच शब्द म्हणायचे व्हते. तेवढे मी म्हणले न्हाई.